टोपीवरचा पदर

माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, बावीस वर्षांत माझ्याशी एक शब्द बोललेले नव्हते. भांडण वगैरे काही नाही हो. आमच्याकडची रीतच तशी. धाकट्या भावाच्या बायकोने भासऱ्यासमोर डोक्यावर पदर घ्यायचा आणि दोघांनी एकमेकांशी थेट बोलायचं नाही. काही सांगायचंच असेल तर तिसऱ्या माणसाला सांगायचं. आमच्या घरात हे तिसरं माणूस म्हणजे माझ्या जाऊबाई.

गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावपासून जवळच आमचं गाव. एक अंगण, समोरासमोर दोन घरं. भासरे अंगणात पाय टाकण्याआधी खाकरायचे, मी पदर सावरायची. मी चार हातांवर उभी असले तरी ते जाऊबाईंना म्हणायचे, "चहा झाला का इचार तिले." जाऊबाई माझ्याकडे वळायच्या, "चहा झाला का म्हणून राहिले." मी जाऊबाईंना सांगायची, "ठेवलाय." मग जाऊबाई तिकडे वळायच्या, "ठेवला म्हंते." तिघांनाही सगळं पहिल्यांदाच ऐकू गेलेलं असायचं, आणि तिघांपैकी कुणालाही हसू येत नसे. नवरा त्यांना दादा म्हणतो. मी काहीच म्हणत नसे, हाक मारायची वेळच येत नव्हती.

आणि हे कुणाचं? तर माझं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझा आवाज तीन वर्ग ओलांडून शाळेच्या फाटकापर्यंत जातो. मुख्याध्यापकांशी मी भांडते, एसटीच्या कंडक्टरशी भांडते, आणि घरी आलं की माझ्या तोंडाला कुलूप. हे आधी सांगायला हवं होतं. नाहीतर साधी एक टोपी घ्यायला या बाईला दोन महिने का लागले, असं वाटायचं.

आम्ही सात जणी दर रविवारी जंगलात पायी फिरायला जातो. तिघी शिक्षिका, दोघी अंगणवाडीच्या, एक नर्सबाई आणि एक किराणा दुकान चालवणारी. नर्सबाईंनी एकदा आम्हा सगळ्यांची शुगर तपासली आणि सगळ्यांना झाडलं, तेव्हापासून हे सुरू झालं. आधी गावाच्या रस्त्याने चाललो. तिथे मोटरसायकलींचा धूर आणि "कुठे निघाल्या मॅडम?" अशी चौकशी. म्हणून ठरलं, बोदलकशाला जायचं. तलाव आहे, टेकड्या आहेत, पाखरं आहेत. पण तिकडच्या जंगलात अस्वल निघतं, वाटा माहीत असलेला माणूस सोबत हवा. तेव्हा किराणावाली माझ्याकडे बघत म्हणाली, "अवं, तुझे भासरे फॉरेस्टात होते ना?"

भासरे निवृत्त होऊन आठ-नऊ वर्षं झाली होती, पण जंगल त्यांच्या पायातून गेलेलं नव्हतं. त्यांनी लगेच होकार दिला, अर्थात जाऊबाईंच्या तोंडून. "सहाले निघाचं म्हना. अन् सेंट फवारून येऊ नोका म्हना, झाडावर आग्या मोहोळ असते."

मग आमची वरात अशी निघायची: पुढे काठी घेतलेले भासरे, मागे पंजाबी ड्रेसमधल्या सहा जणी, आणि सगळ्यात शेवटी मी. साडी, पायात स्पोर्ट शूज, डोक्यावर पदर. ते मागे वळून कधी बघत नसत. काठी वर केली की थांबायचं. माझ्यासाठी काही सांगायचं असलं तर पहिलीला सांगत, "मागच्या बाईले सांगा, तो दगड ढिला हाय." ती दुसरीला सांगायची, दुसरी तिसरीला. माझ्यापर्यंत निरोप पोचेतो मी त्या दगडावरून घसरलेली असायची. मैत्रिणी हसून हसून बेजार व्हायच्या. "तुमच्या घरात मोबाइल कायले घेता वं?" असं नर्सबाई विचारायच्या.

तरी सांगते, ते तीन तास मला जिवापाड प्रिय होते. आठवडाभर वर्गातली पोरं, पोषण आहार, स्वयंपाक, नवऱ्याच्या तिरोड्याच्या वीज प्रकल्पातल्या शिफ्ट. रविवारी सकाळी मोहाच्या झाडाखाली उभं राहून थर्मासमधला चहा प्यायचा आणि कुणी काही मागायचं नाही, एवढंच माझं सुख होतं.

त्या सुखावर गेल्या वर्षी गदा आली. दिवाळीनंतर धानाची मळणी सुरू होती. दोन दिवस सुट्टी काढून शेतावर उभी होते. तिसऱ्या दिवशी गाल आणि नाक लालभडक. खाज, आग, वरून पापुद्रे. जाऊबाईंनी दही-हळद लावली, मग मुलतानी माती लावली. त्याने तर आगीत तेलच पडलं. शेवटी गोंदियाला कातडीच्या डॉक्टरबाईंकडे गेले.

डॉक्टरबाई माझ्याहून लहान, पण माझ्याहून तापट. म्हणाल्या, "तुमच्या कातडीला ऊन सोसत नाही. गोळ्या देते, मलम देते. पण ऊन टाळलं नाही तर माझी औषधं पाण्यात. मार्चमध्ये परत दाखवा. डाग उतरले तर ठीक. नाही उतरले तर तपासण्यांना नागपूरला पाठवीन, आणि मग दिवसाउजेडी बाहेर फिरणं विसरायचं."

"पण रविवारी तलावाकडे फक्त तीन तास..." मी म्हणाले.

"रविवारचं ऊन वेगळं असतं का?"

मला गप्प बसवणारी माणसं या जिल्ह्यात थोडी आहेत.

मग त्यांना दया आली असावी. "टोपी घाला," त्या म्हणाल्या. "क्रिकेटवाल्यांची नको, तिच्यात कान आणि मान उघडी राहते. चारी बाजूंनी काठ हवा, चार बोटं रुंद. कापड उजेडासमोर धरून बघा. पलीकडचा उजेड दिसला तर तेवढंच ऊनही आत येणार. आणि काठाची खालची बाजू गडद रंगाची घ्या. तुम्ही तलावाकडे जाता ना? पाण्यावरचं ऊन खालून तोंडावर येतं. पांढरा काठ असला की ते परत तुमच्याच गालावर टाकतो." मी माझ्या पदराकडे बोट दाखवलं. त्यांनी पदराचं टोक खिडकीसमोर धरलं. पलीकडचा दवाखान्याचा बोर्ड मला त्यातून सरळ वाचता आला.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीपासून लांब बसले आणि डोळे पुसत राहिले. डागांचं दुःख होतं, पण खरं दुःख रविवारचं होतं. टोपी घालायची म्हणजे पदर काढायचा. भासऱ्यांसमोर उघड्या डोक्याने जायचं. हे बोलायला सोपं आहे. आमच्यासारख्या घरात हे करून बघा.

म्हणून दोन महिने मी टोपी सोडून बाकी सगळं केलं. पदर नाकापर्यंत ओढला, तर समोरची वाट दिसेना. पळसाच्या मुळाला अडखळून पडले, गुडघा फुटला. स्कूटीवरच्या मुलींसारखा स्कार्फ गुंडाळला, तर आतल्या घामाने डाग आणखी चुरचुरले. छत्री नेली, ती बोरीच्या काट्यांत अडकली आणि तिच्या काड्या बाहेर आल्या. नवऱ्याला काळजी होती, पण त्याची काळजी व्यक्त करायची तऱ्हा अशी की तो म्हणाला, "प्लांटमधलं हेल्मेट आणून देऊ का?" मी त्याच्याकडे असं बघितलं की त्या दिवशी त्याने दुसऱ्यांदा भाजी मागितली नाही.

जानेवारीत संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जाऊबाईंनी माझी हनुवटी धरली आणि चेहरा उजेडाकडे फिरवला. "डाग वाढून राहिले वं. टोपी काऊन नाई घेत?"

"पदर?"

जाऊबाईंनी हनुवटी सोडली. मग म्हणाल्या, "पहिले टोपी तं घेऊ. पदराचं मंग पाहू."

दुसऱ्या शनिवारी आम्ही दोघी गोंदियाच्या बाजारात. दुकानदाराने पहिल्याच झटक्यात गवती हॅट काढली, मोठ्ठा काठ, गुलाबी रिबन, वर कापडाचं फूल. "मॅडम, गोवा जा रहे हो क्या?"

"गोवा नाई गा, बोदलकशाले," जाऊबाई म्हणाल्या. "अन् हे फूल पाहून माकडं मागं लागतील."

मग त्याने एकेक काढायला सुरुवात केली. एकीचा काठ रुंद पण इतका लिबलिबीत की डोळ्यांवर येऊन पडायचा. एक जाळीची, हवेशीर, पण उजेडासमोर धरली तर चाळणी. एक चांगली जाड, काठाची खालची बाजू पांढरीशुभ्र. आणि जी कुठली म्हणून घालावी ती माझ्या अंबाड्याला टेकून पुढे कपाळावर सरकायची. या टोप्या करणाऱ्यांनी बायकांच्या म्हणून केल्या होत्या, पण बायकांना केस असतात हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मी आरशासमोर मान वळवून वळवून बघत होते, तर जाऊबाई खेकसल्या. "आरशात काय पाहून राहिली? वाक."

"काय?"

"वाक. रोवना लावाले वाकते तशी वाक. टेकडीवर चढताना तू काय आरशासारखी उभी राहशील?"

भर दुकानात, चार गिऱ्हाइकं बघत असताना, मी धान रोवायला वाकतात तशी कमरेत वाकले. पहिली टोपी पडली. दुसरी पडली. तिसरी राहिली, पण मान अख्खी उघडी पडली. जाऊबाईंनी मानेवर बोट टेकवलं, "इथं ऊन लागते का नाई?" जन्मभर त्यांनी रोवणी केलेली आहे. ऊन माणसाला कुठे भाजतं हे त्यांना डॉक्टरबाईंइतकंच कळत होतं. दुकानदार आधी हसत होता. मग त्यालाही हुरूप आला. "रुको माताजी, एक और है," म्हणत तो शिडीवर चढला आणि वरच्या खोक्यातून एक मळकट हिरवी टोपी काढली. जाड सुती कापड, चार बोटं काठ, खालून काळपट. मागच्या बाजूचा काठ जरा लांब, मानेवर येणारा. बाजूंना हवेसाठी बारीक भोकं, हनुवटीखाली बांधायला दोरी. मी वाकले, उठले, डोकं हलवलं. टोपी जागची हलली नाही.

"हेच," जाऊबाई म्हणाल्या.

पण मी शहाणी ना! मी म्हणाले, पदर घेऊन बघते. पदरावर टोपी घट्ट व्हायला लागली, म्हणून हट्टाने एक नंबर मोठी घेतली. जाऊबाई नको नको म्हणत होत्या. घरी आल्यावर त्यांनी शिलाई मशीनवर टोपीची मागची शिवण उसवून अंबाडा मावेल एवढी जागा केली, कडेला गोट लावला. तेवढ्याने ती मोठी टोपी आणखी ढिली झाली. शिवाय सिंथेटिक साडीवर ती थांबायलाच तयार नाही, साबण लावल्यासारखी घसरते.

"पदर आत घालशील तं घामानं शिजशील," जाऊबाई म्हणाल्या. "पदर वरून घे."

आणि मग आम्ही दोघी शहाण्या बायकांनी मिळून ते महान कृत्य केलं. आधी टोपी, तिच्यावरून पदर, चार सेफ्टी पिना, दोन उजवीकडे, दोन डावीकडे. पदराचं टोक हनुवटीखालून घेऊन खांद्यावर खोचलेलं. दोरी बांधायची गरज वाटली नाही, पदराने सगळं आवळून धरलं होतं. आरशात बघितलं तर दुधाच्या पातेल्यावर झाकण आणि झाकणावर फडकं, अशी मी दिसत होते. पण सावली नाकाच्या शेंड्यापर्यंत येत होती आणि रीतही मोडत नव्हती. मला इतकं हलकं वाटलं की मी जाऊबाईंच्या पाया पडले. "हट, येडी," त्या म्हणाल्या.

त्या रविवारी पिना लावण्यात अर्धा तास गेला. भाड्याच्या जीपमध्ये सहा जणी आणि भासरे ताटकळत. मी आले तेव्हा नर्सबाईंनी तोंडात रुमाल कोंबला. भासऱ्यांनी समोर बघत, मला पोचवायला आलेल्या जाऊबाईंना विचारलं, "टोपी घेतली म्हंते ना तिनं?" जाऊबाईंनी मान हलवली. मग ते ड्रायव्हरला म्हणाले, "चाल, आज पाळीवरून जाऊ."

मैत्रिणींनी टाळ्या पिटल्या. दिवाळीपासून आम्ही तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या उंच बंधाऱ्यावर, गेलोच नव्हतो. हिवाळ्यात तिथे पाण्यावर बदकं उतरतात, आणि भासरे मात्र दर रविवारी आम्हाला टेकडीच्या मागल्या अंगाने, दाट झाडीतून, सागाच्या पाचोळ्यातून फिरवत होते. "पाळीवर काऊन नाई जात हो?" असं किराणावालीने कितीदा विचारलं. "तिकडं काम सुरू हाय," एवढंच उत्तर. त्या दिवशी काम संपलं असेल, असं आम्ही धरून चाललो.

पाळीवर चढलो तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. माझ्यामुळेच उशीर झालेला. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खाली धानाच्या शेतांच्या बांध्या, आणि मधल्या उंच पाळीवर एकही झाड नाही. मी खुशीत होते. डोळे बारीक न करता मला पलीकडचा काठ दिसत होता, गालाला आग नव्हती. अंगणवाडीतली एक पाण्याकडे बोट दाखवत ओरडली, "ते पाह्य, ते पाह्य, किती बदकं!" मी मान वर केली आणि मागून, बांध्यांकडून वारा आला.

झाडीत वारा कसला! म्हणून आम्हा दोघी शहाण्यांच्या डोक्यातच वारा आला नव्हता. पदरात हवा भरली. टोपी उठली, पदर उठला, आणि पिनांनी एकमेकांना घट्ट धरलेली ती जोडी माझ्या डोक्यावर पतंगासारखी फडफडायला लागली. मी दोन्ही हातांनी धरायला गेले तर पिना सटासट निघाल्या, पदर टरकला, आणि टोपी सुटून दगडांवरून टुणटुणत पाण्यात. अंबाडा सुटून केस तोंडावर. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी भासऱ्यांसमोर उघड्या डोक्याने उभी होते, भर उन्हात, भर पाळीवर. लपायला जागा नाही.

सगळ्यांच्या ओरडण्याने भासरे वळले. त्यांनी मला बघितलं. मी मटकन खाली बसले आणि फाटका पदर डोक्यावर ओढायला लागले, तो वाऱ्याने पुन्हा उडाला. पुन्हा ओढला, पुन्हा उडाला. माझं रडू आणि राग एकदमच वर आले. या टोपीला आग लागो, या पदरालाही लागो, मला कुठेच जायचं नाही, उद्यापासून घरात कोंडून घेते, असं काहीबाही मनात. गाल उन्हाने चरचरत होते, त्याचंही भान नव्हतं.

"अहो, राहू द्या, पाणी खोल आहे," नर्सबाईंचा आवाज आला. मी मान वर केली. साठी कधीच उलटलेला माणूस चपला काढून पाळीच्या दगडांवरून खाली उतरत होता. त्यांनी गुडघाभर पाण्यात उभं राहून काठीने टोपी अडवली, जवळ ओढली, उचलली, पिळली. मग सावकाश वर आले.

रांगेतल्या पहिलीने सवयीने हात पुढे केला. टोपी तिने घ्यायची, दुसरीला द्यायची, आणि हातोहात ती माझ्यापर्यंत यायची, असंच आमचं चालत आलेलं. भासरे तिच्याजवळून पुढे गेले. दुसरीजवळून गेले. सहाही जणी ओलांडून ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मी पदर शोधत होते. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, नीट, डागांकडे, आणि टोपी माझ्या हातात दिली.

"पदर राहू दे," ते म्हणाले. "टोपी घाल. अन् दोरी बांधजो."

एवढंच. वळले, चपला घातल्या, रांगेच्या पुढे जाऊन उभे राहिले, काठी टेकली.

मी ओली टोपी डोक्यावर घातली. नर्सबाईंनी दोरीला गाठ मारून दिली. कुणी हसलं नाही. टोपीतलं पाणी मानेवरून पाठीत उतरत होतं आणि मला इतकं बरं वाटत होतं की मी चालता चालता मुसमुसून रडले. बावीस वर्षं मी ज्यांना खाकरण्यावरून ओळखत होते, त्यांचा आवाज माझ्यासाठी निघाला होता.

घरी आल्यावर जाऊबाईंना सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही. "बोलले ना शेवटी," त्या म्हणाल्या. "दिवाळीपासून मले रोज इचारून राहिले. तिचा चेहरा कसा हाय, गोळ्या घेते का नाई. मी म्हटलं, मले कायले इचारता, अंगण वलांडून जा अन् इचारा. तं म्हंते, तिले अवघड वाटन."

"मला अवघड?"

"नाई तं काय. अन् पाळीवर कसलं काम अन् कसलं काय. ऊन असते म्हणून नेत नोहते. शनिवारी संध्याकाळी एकटे जाऊन सावलीच्या वाटा पाहून येत. तुले टोपी आणली म्हणून सांगितलं तवा आज पाळीवर नेलं."

मी तांदळाच्या सुपाकडे बघत राहिले. मी दोन महिने त्या रीतीवर चरफडत होते, ती जणू त्यांनीच माझ्या डोक्यावर ठेवली होती. आणि त्या रीतीच्या पलीकडे उभं राहून तो माणूस माझ्यासाठी सावली शोधत हिंडत होता. मला माझी लाज वाटली, हे सरळ सांगून टाकते.

पुढच्या रविवारपासून परत झाडीतल्या वाटा सुरू झाल्या. आता मला कारण माहीत होतं, आणि मी किराणावालीला कुरकुर करू दिली नाही. मोठी टोपी मी नर्सबाईंना दिली आणि दुकानात आधी नीट बसली होती त्या मापाची, तसलीच, जाऊन घेऊन आले. जाऊबाईंनी तिलाही अंबाड्याची जागा करून दिली. साडी गेली, पंजाबी ड्रेस आला. भासऱ्यांना मी पहिल्यांदा त्या वेशात दिसले तेव्हा माझे कान तापले होते. त्यांनी एकदा दोरीकडे बघितलं आणि ते चालू लागले. बोलणं मात्र पुन्हा झालं नाही. पाळीवरची ती तीन वाक्यं म्हणजे अडचणीतली गोष्ट, असंच आम्ही दोघांनीही धरलं होतं. घरात जाऊबाईंच्या मार्फत चहा, जाऊबाईंच्या मार्फत निरोप.

मार्चमध्ये डॉक्टरबाईंकडे गेले. आदल्या दिवसापासून जेवण गेलं नव्हतं. त्यांनी दिव्याखाली चेहरा फिरवून फिरवून बघितला, गालावर बोट दाबलं, नाकाजवळ भिंग धरलं. नागपूर, तपासण्या, बंद खिडक्या, सगळं माझ्या डोळ्यांसमोर.

"उतरलेत," त्या म्हणाल्या. "पुसट खुणा आहेत, जातील. नागपूरची गरज नाही. काय केलंत?"

"टोपी घातली."

"दोन महिने उशिरा घातलीत," त्या म्हणाल्या आणि गोळी निम्मी केली. "सोडू नका ती. फिरणं चालू ठेवा."

हुश्श! दवाखान्याच्या पायऱ्या मी कशा उतरले मला आठवत नाही. रस्त्यात समोसे घेतले. बसमध्ये खिडकीशी बसले, टोपी घालून. शेजारची बाई बघत होती. बघू दे, म्हटलं.

घरी पोचले तेव्हा दुपार कलली होती. आठवडी बाजाराचा दिवस, जाऊबाई बाजाराला गेलेल्या. नवरा शिफ्टवर. अंगणात भासरे एकटेच मोहाची फुलं वाळत घालत होते. माझी चाहूल लागली तसे खाकरले. माझा हात सवयीने पदराकडे गेला आणि टोपीच्या काठाला लागला.

ते फुलं पसरता पसरता थांबले.

"काय म्हणे डॉक्टर?"

मी मागे वळून बघितलं. खरंच बघितलं, जाऊबाई आल्या की काय म्हणून. दारात कुणी नव्हतं. अंगणात एक कोंबडी होती, तिच्या मार्फत काही सांगता येण्यासारखं नव्हतं. शाळेत तीन वर्ग ओलांडणाऱ्या माझ्या आवाजाला आता चार हातांचं अंतर ओलांडायचं होतं.

"बरं झालं म्हणाल्या, दादा," मी म्हणाले. "नागपूरला जायला नको. फिरू शकते."

दादांनी मान हलवली. हातातली फुलं हलकेच सारखी केली. मग फुलांकडेच बघत म्हणाले, "तं रविवारी पाळीवरून जाऊ."

मी समोशांची पुडी त्यांच्यासमोर ठेवली आणि चहा टाकायला आत गेले.